पिकअप पहाटे थंडीत हादरते, पांढरा धूर सोडते. इंजिन उतरवण्याआधी काय तपासू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी २०१३ची डिझेल पिकअप आहे. २.५ लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल (एकाच जाड नळीतून चारही सिलिंडरना जास्त दाबाचं डिझेल). मीटरवर ३ लाख ६२ हजार किलोमीटर झालेत. काटोल-नरखेडकडून संत्रा भरून कळमना मार्केटला आणतो, हंगाम संपला की भाजीपाला. मोठ्या भावाने घेतलेली गाडी, सहा वर्षांपासून मीच चालवून राहिलो आहे. घर हिच्यावरच चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

डिसेंबर लागला तसा त्रास सुरू झाला. पहाटे चारला सेल्फ मारला की इंजिन लागतं, पण लागल्याबरोबर अख्खी गाडी हादरते. आरशात काही दिसत नाही, मागचे रिकामे कॅरेट खडखडतात. तीन ठोके बरोबर आणि चौथा फुसका, असा आवाज येतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, त्याला कच्च्या डिझेलचा वास आणि डोळे झोंबतात. दोन-अडीच मिनिटांत, टेंपरेचरचा काटा हलायच्या आधीच, धूर विरतो आणि इंजिन लयीत येतं. मग दिवसभर काही तक्रार नाही. भरल्या गाडीने ओढ तीच, ॲव्हरेज तेच.

मिस्त्री म्हणतात कम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलं, इंजिन बांधावं लागेल. खर्च ऐंशी हजारांच्या घरात. ऐन आंबिया बहारात गाडी पंधरा दिवस उभी ठेवणं मला परवडत नाही, आणि मनालाही पटत नाही. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं तर बॅक कम्प्रेशन नाही, म्हणजे तिथून धूर-हवा फेकत नाही. ऑइल खात नाही, कूलंटची पातळी हलत नाही.

परवा मिस्त्री मिसिंग (कोणता सिलिंडर पेटत नाही ते) शोधायला पाना घेऊन इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) पाइपचा नट ढिला करायला निघाले होते, जुन्या पंपाच्या गाड्यांवर करतात तसं. मी हात धरला. कॉमन रेलमध्ये आयडलवरसुद्धा दोनशे-तीनशे बारचा दाब असतो, ती धार कातडीतून आत शिरते. वरून साधी जखम दिसते आणि आतून बोट सडतं. कोणीही करू नका, कोणाला करूही देऊ नका.

मी एवढं केलं: डिझेल फिल्टर बदलला, खालचं पाणी काढलं. पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावून पाहिला, बुडबुडे नाहीत. आज पहाटे गाडी सुरू करून मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर पाण्याचे थेंब टाकले. एक, तीन, चारवर चर्र करून उडाले. दोन नंबरवर थेंब तसाच बसून राहिला.

म्हणजे दोन नंबर पेटत नाही, हे नक्की. पण हीटर प्लग (थंड सिलिंडर आतून तापवतो तो) गेला, की इंजेक्टर ठिबकतो? डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा तर नीट लागतो आणि विझतो. घरी साधा मल्टिमीटर आहे.

प्रतिसाद

भाऊ, त्या दिव्यावर जाऊ नका. तो वेळ मोजून विझतो, प्लग तापला की नाही हे त्याला कळत नाही.

डिझेलमध्ये ठिणगी नसते. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यावर डिझेल पेटतं. थंड इंजिनचं लोखंड ती उष्णता ओढून घेतं, म्हणून प्लग लागतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हा एखादा प्लग मेलेला असला तरी कळत नाही. तुमचा उन्हाळ्यातच गेला असेल, पारा दहाच्या आसपास आला तेव्हा उघडा पडला.

बॅटरीची तार सोडा. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, ती तशीच ठेवून मोजलं तर शेजारचे चांगले प्लग मेलेल्याला झाकतात. मग प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिनची बॉडी असा ओहम मोजा. चांगला प्लग एकच्या आसपास दाखवतो, मेलेल्यावर मीटर हलतच नाही.

आणि काढताना घाई नको. इतक्या रनिंगला प्लग कार्बनने धरलेला असतो. दोन-तीन दिवस गंज सोडवायचं तेल टाका, इंजिन गरम असताना थोडा ढिला, थोडा घट्ट असं करत काढा. तुटला तर हेड उतरवावं लागेल. निघाला की टोक बघा. वितळलेलं असेल तर इंजेक्टर ठिबकतो आहे, नुसता प्लग बदलून उपयोग नाही.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. एक, तीन, चारवर ०.९ ते १.१ ओहम आले, दोनवर मीटर हललं नाही. तीन रात्री तेल टाकलं, काल मार्केटहून आल्यावर गरम इंजिनवर काढला. करकर वाजला तेव्हा पोटात गोळा आला होता, पण अख्खा निघाला. टोक काजळलेलं, पण शाबूत. चारही नवीन टाकले.

आज पहाटे अर्ध्या सेल्फमध्ये लागली. आरशात मागचं गेट स्पष्ट दिसत होतं. दहा-पंधरा सेकंद पातळ धूर मात्र अजून येतो, म्हणून रविवारी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला) सलाइनच्या नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत किती डिझेल येतं ते बघणार आहे. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा किती जास्त आलं तर इंजेक्टर काढायचा? आणि पातळी आयडलवर बघू, की थोडी रेस देऊन?