‘काइंड ऑफ ब्लू’चा वाढदिवस कधी धरायचा? २ मार्च की १७ ऑगस्ट?

पेटीवाला_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेत पेट्या दुरुस्त करतो, सुरात लावून देतो. दिवसभर भजनी मंडळांच्या पेट्या, आणि संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की रेकॉर्ड प्लेअर. गेली वीसेक वर्षं दर जानेवारीत नव्या कालनिर्णयवर लाल पेनाने आल्बमचे वाढदिवस लिहून ठेवतो. २१ मे, मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. २६ सप्टेंबर, ‘अ‍ॅबी रोड’. त्यानंतर दोनच दिवसांनी स्टीव्ही वंडरचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’. त्या संध्याकाळी आम्ही चार-पाच जण दुकानात जमतो, चहा सांगतो आणि आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मध्ये कुणी बोलत नाही.

यंदा १७ ऑगस्टवरून वाद झाला. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ १७ ऑगस्ट १९५९ ला बाजारात आला, म्हणून तो दिवस. पण आमच्यातले एक तबलजी म्हणाले, “वाढदिवस जन्माच्या दिवशी करतात, बारशाच्या नाही. वाजवलं कधी ते सांग.” वाजवलं दोन दिवसांत: २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. मला उत्तर सुचलं नाही.

दुसरी गोष्ट याहून जास्त छळते आहे. माझी एलपी जुनी, चोरबाजारातून आणलेली. ‘सो व्हॉट’ मला पेटीवर सोबत वाजवायला आवडतं, कारण ते आपल्या हाताला लगेच सापडतं: पांढरी दोन षड्ज धरून काफी थाट, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. चार-चार मात्रांचे सोळा गट झाले की सगळं अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर सरकतं, आठ तिथे काढतं आणि परत पांढरी दोनवर येऊन बसतं. पण माझी पेटी आणि त्यांचा पियानो जुळत नाहीत. रेकॉर्डचा सूर किंचित चढा आहे. दोन रीड जवळजवळ जुळल्या की आवाजात जी लहर येते, व्हँ-व्हँ-व्हँ, तशी लहर ऐकू येते. आधी वाटलं टर्नटेबल जोरात फिरतंय. मग बाजू उलटली. ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला तंतोतंत बसलं, लहर नाही. तेच मशीन, तीच तबकडी. मग पहिलीच बाजू चढी का?

तर प्रश्न दोन. तारीख कोणती धरायची? आणि माझ्या तबकडीला झालंय काय?

ठाण्याचा_संग्राहक

काका, तबकडी ठणठणीत आहे आणि तुमचा कान त्याहून ठणठणीत. २ मार्चला स्टुडिओतलं मुख्य टेप मशीन जरा सावकाश चालत होतं. सावकाश भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. त्या दिवशी ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ झाली, म्हणजे नेमकी पहिली बाजू. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, पाव स्वराहूनही कमी. पण तीस वर्षांहून जास्त काळ जगभर प्रत्येक प्रत तशीच विकली गेली. शेजारी दुसरं मशीन राखीव टेप भरत होतं, ते बरोबर चाललं होतं. १९९२ ला त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती काढली. आज मिळणाऱ्या बहुतेक प्रती दुरुस्तच असतात.

तारखांचं म्हणाल तर रॉकवाले आम्हीही सुखात नाही. ‘अ‍ॅबी रोड’ २६ सप्टेंबर १९६९ ला आला तो इंग्लंडात; अमेरिकेत १ ऑक्टोबर. बॉब डिलनचा ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ तर वर्षानुवर्षं १६ मे १९६६ चा म्हणून छापला गेला, बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’च्याच दिवशी. एकाच दिवशी दोन्ही, म्हणून मी स्वतः दोन्ही लागोपाठ लावत आलो. पुढे कंपनीच्या नोंदींतून २० जून पुढे आला, आणि बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत तो जुलैत दिसतो, त्याच्याशी ते जुळतंही. तेव्हा माल दुकानात पोचेल तेव्हा पोचेल असा कारभार होता. जगभर एकाच शुक्रवारी आल्बम काढायचा हे २०१५ च्या जुलैपासून सुरू झालं. जुन्या तारखेवर फार भिस्त ठेवू नका.

डेट्रॉइटची_मावशी

मी डेट्रॉइटजवळ राहते. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’चा दिवस तुम्ही मिरजेत पाळता हे वाचून फार बरं वाटलं. तो आल्बम काढणाऱ्या मोटाउन कंपनीचं वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचं ते घर आता संग्रहालय आहे, पुढच्या भिंतीवर अजूनही ‘हिट्सव्हिल यूएसए’ लिहिलेलं. स्टुडिओ ए बघितला की पहिल्यांदा वाटतं, एवढीशी खोली? आपल्याकडच्या दोन खणी घरातली मोठी खोली असावी, तेवढीच.

तबलजींना सांगा, सोल संगीतात त्यांचं गणित चालणार नाही. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणं रेकॉर्ड झालं १९७० च्या उन्हाळ्यात. मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी ते काढायलाच तयार नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये त्या एका गाण्याची सुटी तबकडी (सिंगल) निघाली, धो धो खपली, आणि मग मार्विन गे याला सांगण्यात आलं की आता आल्बम कर. बाकीचा आल्बम बहुतेक त्यानंतर झाला. म्हणजे लोकांनी विकत घेतलं म्हणून तो जन्माला आला. त्याचा भाऊ फ्रँकी व्हिएतनाममधून परतला होता, त्याचं सांगणं त्या गाण्यांत आहे. ते लोकांपर्यंत पोचलं तोच खरा दिवस. शिवाय मोटाउनच्या वादकांची, फंक ब्रदर्सची, नावं कव्हरवर पहिल्यांदा छापली गेली ती याच आल्बमवर. इतकी वर्षं हिट गाणी वाजवून ही माणसं निनावी होती. नावं छापून बाहेर पडली त्या दिवसाला मी बारसं म्हणून खाली बसवणार नाही.

रियाज_पुणे

मावशी, पटलं, पण जॅझला मी तबलजींच्याच बाजूने. सॅक्सोफोनवादक कोलट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ घ्या. ९ डिसेंबर १९६४, न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, चार माणसं, एक संध्याकाळ. तबकडी १९६५ मध्ये आली ती कंपनीच्या सोयीने. संगीत घडलं त्या संध्याकाळी. आपल्या मैफिलीची तारीख आपण बैठक झाली त्या दिवसाची लिहितो, कॅसेट निघाली त्या दिवसाची नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’चं तसंच. वादकांना हातात मिळाले ते थोडे स्वरसमूह आणि आराखडे, बाकी समोरासमोर.

१७ ऑगस्टबद्दल मात्र एक. त्यानंतर आठच दिवसांनी, २५ ऑगस्टला, माइल्स न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर फुटपाथवर उभा होता. क्लबच्या पाटीवर त्याचंच नाव लागलेलं. पोलिसाने हटायला सांगितलं, तो हटला नाही, आणि त्याचं डोकं फोडलं. रक्ताने भिजलेल्या कोटातला त्याचा फोटो आहे. तो आठवडा मला आल्बमपासून वेगळा काढता येत नाही.

पेटीवाला_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाणेकर, तुमचं वाचून एका गिऱ्हाइकाच्या मुलाकडून दुरुस्त सीडी मागून आणली. काल रात्री लावली. भाता धरला, पांढरी दोन दाबली, पॉल चेंबर्सचा बास आला आणि सूर जागेवर उभा राहिला. लहर नाही. तीन-चार वेळा परत लावून बघितलं. मग जुनी एलपी लावली, आणि खरं सांगतो, तीही चुकीची वाटेना. तिच्यात एक तरतरी आहे, ट्रम्पेट जरा उजळ लागतो. इतकी वर्षं मी तेच ‘सो व्हॉट’ समजत होतो.

त्यावरून तारखेचंही सुटलं. २ मार्चला खोलीत सात जणांच्या हातून जे निघालं ते दुरुस्त सीडीवर आहे. १७ ऑगस्टला लोकांनी पैसे देऊन घरी नेलं ते चढ्या सुराचं. या आल्बमवर सॅक्सोफोन वाजवणारा कोलट्रेन हयात असेपर्यंत कुणीही ऐकलं ते तेच. म्हणून कालनिर्णयवर दोन्ही दिवस लिहिले. २ मार्चला सीडीवरची पहिली तीन गाणी. विंटन केली फक्त ‘फ्रेडी फ्रीलोडर’ला पियानोवर, बाकी बिल एव्हान्स, तो फरक तबलजींना नीट ऐकवायचा आहे. २२ एप्रिलला दुसरी बाजू. १७ ऑगस्टला जुनी एलपी सबंध, आणि त्या दिवशी पेटी बंद.

रियाज, २५ तारखेचं मला माहीत नव्हतं. तीही लिहिली आहे.

मावशी, २१ मेला त्या घरावरून जाणं झालं तर एक फोटो इथे टाकाल का? दुकानात लावीन.