मदत हवी आहे : किनाऱ्यावरच्या घरात मऊ प्रवाळांच्या टाकीसाठी कोणता दिवा घ्यावा?

नमस्कार. आमचे घर वेंगुर्ल्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरात खाऱ्या पाण्याची तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी असून तिच्यात साधारण १८० लिटर पाणी मावते. नायट्रोजनचे चक्र बसून (म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया जिवाणू निवळू लागून) टाकी स्थिरावली आहे, मासे व्यवस्थित आहेत. आता तिच्यात प्रवाळ वाढवायचे आहेत आणि दिव्याच्या निवडीबाबत अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण दिव्याची निवड तिच्यावरच अवलंबून आहे. कठीण सांगाड्याचे, खडक बांधणारे सर्व प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात; म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांनाही आहे. त्यामुळे अ‍ॅक्रोपोरासारख्या जाती मी ठेवणार नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले; तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात जे प्रवाळ दिसतात त्यांची जागा तीच आहे, आणि तिथला लहानसा तुकडाही कोणी घरी आणू नये असे मला मनापासून वाटते. माझ्या टाकीत मश्रूम, झोअँथिड आणि लेदर हे कठीण सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ एवढेच असतील, तेही मुंबईच्या एका मित्राच्या टाकीत वाढलेल्या वसाहतींतून कापून घेतलेले.

आतापर्यंत जे वाचले त्यावरून माझी समजूत अशी झाली आहे. या प्रवाळांच्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमान प्रवाळाला मिळतो. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा मात्र खोलवर पोहोचतो. म्हणून दिव्यात ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला निळा प्रकाश भरपूर असायला हवा. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश पीएआर या मापाने मोजतात. मश्रूमना साधारण ५० ते ८०, झोअँथिड आणि लेदरना ८० ते १५० एवढा पीएआर पुरतो, तर अ‍ॅक्रोपोराला २५० च्या पुढे लागतो, असे बहुतेक शौकीन मानतात. हे खरे असेल तर दुकानदार दाखवतात तो सर्वांत महागडा दिवा माझ्या टाकीला गरजेपेक्षा जास्तच होईल, आणि प्रकाशाचा अतिरेक झाल्यास ही शैवले बाहेर टाकली जाऊन प्रवाळ पांढरे पडतात, तो धोका वेगळाच.

सध्या टाकीवर गोड्या पाण्याच्या टाकीचा साधा पांढरा एलईडी आहे आणि मित्राने दिलेला झोअँथिडचा एक तुकडा त्याखाली ठेवला आहे. त्याची तोंडे रोज उघडतात, पण देठ लांबत चालले आहेत. एरवी खडकाला चिकटून गालिच्यासारखी पसरणारी वसाहत आता एकेका देठावर उभी राहून दिव्याकडे मान ताणते आहे, आणि कडेची हिरवी झालर फिकट दिसू लागली आहे. प्रकाश कमी पडत असल्याचेच हे लक्षण असावे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे काळ्या पेटीसारखा, निळ्या आणि पांढऱ्या प्रकाशासाठी दोन वेगळी बटणे असलेला १६५ वॅटचा एलईडी. तो स्वस्त आहे, पण तीन फुटी टाकीत त्याच्या बरोबर खाली प्रखर झोत आणि दोन्ही टोकांना अंधार, असे होईल अशी शंका वाटते. दुसरा पर्याय दोन लहान एलईडी दिवे अंतर ठेवून टांगण्याचा आहे आणि माझा कल त्याकडेच आहे. तिसरा पर्याय ३९ वॅटच्या चार टी-फाइव्ह, म्हणजे बारीक फ्लुरोसंट, ट्यूबचा. त्यांचा प्रकाश सर्वत्र सारखा पडतो हे मान्य, पण वर्षाच्या आत-बाहेर ट्यूब बदलाव्या लागतात आणि निळ्या ट्यूब इकडे सहज मिळत नाहीत. मेटल हॅलाइड या प्रखर, तापणाऱ्या दिव्याचा विचार उष्णतेमुळे केलेला नाही.

खरी अडचण आमच्या हवेची आहे. इथे खिडकीचे गज रंग देऊनही दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात. ज्या दिव्यात पंखा असतो तो हीच खारी, दमट हवा आत ओढून सर्किटवरून फिरवतो. त्यामुळे बिनपंख्याचा, जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळींनी थंड होणारा आणि बंदिस्त ड्रायव्हरचा (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग झाकलेला असलेला) दिवा घ्यावा का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. असा दिवा एप्रिल-मेमध्ये तापून लवकर निकामी होतो का, हेही कळायला हवे. पाणी २७ अंशांच्या आत ठेवण्यासाठी मी दिव्याची वेळ दुपारी तीन ते रात्री अकरा अशी ठेवण्याच्या विचारात आहे.

पावसाळ्यात वीज गेली तर दिव्याविना प्रवाळ एक-दोन दिवस तग धरतील, म्हणून इन्व्हर्टरवर फक्त पंप ठेवणार आहे. मात्र वीज परत येताना जो दाब उसळतो त्याने ड्रायव्हर जळू नये यासाठी स्टॅबिलायझर पुरतो की वेगळे सर्ज संरक्षक लावावे लागते?

घर कौलारू असल्याने दिवे वाशाला टांगून वर-खाली करता येतील. पाण्यापासून किती उंचीवर सुरुवात करावी आणि पांढऱ्या दिव्याची सवय झालेल्या प्रवाळाला नव्या दिव्याखाली किती आठवड्यांत पूर्ण तीव्रतेपर्यंत न्यावे, हेही सांगावे. मोबाइलमधले लक्स मोजणारे अ‍ॅप मानवी डोळ्याच्या हिशेबाने चालते आणि निळा प्रकाश कमी दाखवते, म्हणून त्यावर मी विसंबणार नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी किंवा गोव्यात कोणाकडे पीएआर मीटर असल्यास एका दिवसापुरता भाड्याने मिळेल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन.