आईचं तोंड सतत कोरडं पडतंय, अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी फरक पडतो का?

डोंबिवलीकर:
आई ६४ वर्षांची आहे. पाच-सहा महिने झाले तोंडाला सारखी कोरड पडते, भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवत नाही, रात्री तीन-चार वेळा उठून पाणी पिते आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. मेडिकलवाल्याने अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल दिल्या, व्हिटॅमिन ई, सी, सेलेनियम वगैरे, दीड महिना झाला काही फरक नाही. बीपीची गोळी आणि सर्दीसाठी रोज रात्री सेट्रिझिन चालू आहे. कॅप्सूल चालू ठेवू का?

ठाण्याची_डेंटिस्ट:
आधी सेट्रिझिनकडे बघा. ॲलर्जीच्या गोळ्यांनी लाळ कमी होते, बीपीच्या काही गोळ्यांनीही, आणि दोन्ही एकत्र असतील तर जास्तच. पण स्वतःहून काही बंद करू नका, डॉक्टरांना गोळी बदलता येते का विचारा. शुगर पुन्हा तपासा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का तेही विचारा, कारण शोग्रेन नावाच्या आजारात डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे पडतात. लाळ रोज अर्धा ते दीड लिटर तयार होते, ती कमी झाली की दात मुळापाशी किडायला लागतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट हवीच. अल्कोहोलवाला माउथवॉश नको. चघळायला झायलिटॉलचं शुगर-फ्री च्युइंगगम चालेल, लिंबाच्या गोळ्या मात्र नको, आंबटाने लाळ सुटते पण दात झिजतात.

परळ_वारी:
माझ्या बाबांना घशाचं रेडिएशन झालं, लाळेच्या ग्रंथीच भाजल्या त्यात. नातेवाईक अँटिऑक्सिडंट घेऊन आले, आम्ही द्यायला निघालो होतो, डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. कॅनडात ५४० पेशंटवर केलेला अभ्यास २००५ मध्ये आला, रेडिएशनचा त्रास कमी व्हावा म्हणून व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन देऊन बघितलं होतं, तर गोळ्या चालू असताना दुसरा नवीन कॅन्सर होण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं. तुमच्या आईची गोष्ट वेगळी आहे, पण व्हिटॅमिन आहे म्हणजे निरुपद्रवी असं धरू नका प्लीज. बाबांना लाळेसारखा स्प्रे आणि उशाशी पाण्याची बाटली, यानेच बरं वाटतं. आमटीत भाकरी कुस्करून देतो, ती जाते.

डोंबिवलीकर:
आत्ता आईला विचारलं, डोळेही खुपतात म्हणे, मी इतके दिवस कधी विचारलंच नव्हतं. सोमवारी फिजिशियनकडे नेतोय, गोळ्यांची सगळी पाकिटं आणि ती कॅप्सूलची बाटली पिशवीत भरून. तोपर्यंत कॅप्सूल बंद.