मदत हवी आहे: लास व्हेगासजवळचे 'सेव्हन मॅजिक माउंटन्स' आई-बाबांना घेऊन कसे बघावे?

चोपडेकर:
राम राम मंडळी. मे अखेरीस लास व्हेगासला मुक्काम आहे. शहराबाहेर वाळवंटात रंगीत दगडांचे सात मनोरे आहेत, ते बघायची घरात सगळ्यांची इच्छा आहे. सोबत बायको, चार वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. दोघे सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. तिकीट आधी काढावे लागते का? उबरने जावे की गाडी भाड्याने घ्यावी? माझे एमएच-१९चे (जळगाव) लायसन्स तिथे चालेल का? आणि ऊन. जळगावात ४४-४५ अंश आम्हाला दरवर्षीचेच, तर दुपारी गेलो तर जमेल ना?

तापीकाठ:
भाऊ, तिकीट नाही, बुकिंग नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. पण तिथे काहीच नाही हे आधी लक्षात घ्या: पाणी नाही, संडास नाही, सावलीला एक झाड नाही. सगळे नियोजन त्यावरून करायचे.

दुपारी मुळीच जाऊ नका. भुसावळला मे महिन्यात आपण बारा ते चार घराबाहेर पडतो का? तोच नियम तिथे. मे अखेरीस तापमान ३५ च्या आसपास असते, पण ४० सहज गाठते. जुलै २०२४ मध्ये लास व्हेगासला ४८.९ अंशांची नोंद झाली आहे. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आल्या आल्या वाळतो. त्यामुळे पाणी किती गेले ते कळत नाही, आणि वयस्कर माणसाला तर तहानही उशिरा लागते. आई-बाबांना तहानेची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट द्या. (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्यांना आधी विचारा.) माणशी एक लिटर हातात, शिवाय चार लिटरचा कॅन गाडीत. डोक्याला बागायतदार रुमाल (मोठा सुती रुमाल) बांधता तसाच बांधा, मान झाकली जाते.

त्या दिवसांत सूर्य साधारण ५:२५ ला उगवतो. पाचला हॉटेल सोडा, सातपर्यंत आटोपून निघा. गर्दीही कमी असते. रात्री जाण्यात अर्थ नाही, तिथे दिवे नाहीत.

रस्ता: आय-१५ महामार्गाने दक्षिणेकडे, एक्झिट २५, स्लोन रोड. तिथे डावीकडे वळून लास व्हेगास बुलेव्हार्ड या रस्त्याला लागा, मग उजवीकडे वळून दक्षिणेला साधारण ७ मैल, म्हणजे ११ किलोमीटर. मनोरे डाव्या हाताला. शहरातून अर्धा तास धरा. महामार्गावरूनही ते लांबून दिसतात आणि लोक तिथेच कडेला गाडी लावतात. ते करू नका, शेजारून ट्रक सुसाट जात असतात.

रावेर_केळी:
उबरने जाता येईल, अडचण परतीची आहे. तिथे रिकामी गाडी जवळपास नसते आणि शहरातून यायला कोणी लवकर तयार होत नाही. ॲपमधला 'स्टॉप' (वाटेत गाडी थांबवायची सोय) काही मिनिटांपुरताच असतो, त्यावर विसंबू नका. जायचेच असेल तर थांबायचे पैसे आधीच ठरवून घ्या. पाच जणांना गाडी भाड्याने घेणे बरे.

लायसन्स चालते, मूळ कार्ड मात्र जवळ हवे. सोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. नुसता तो परवाना दाखवून भागत नाही, दोन्ही लागतात. गाडीच्या अनामतीसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचे हवे. इथेच बरेच जण काउंटरवर अडकतात.

मुलाला मांडीवर घ्यायची सोय नाही. नेवाडात (लास व्हेगास याच राज्यात आहे) सहा वर्षांखालचे आणि ५७ इंचांपेक्षा बुटके मूल चाइल्ड सीटवरच बसवावे लागते. ती सीट मागे लावली की दोन मोठ्यांना दाटी होते, म्हणून सेडान न घेता मध्यम एसयूव्ही घ्या. फार उंच नको, ताईंना... म्हणजे तुमच्या आईंना चढायला त्रास होईल.

पेट्रोल पंपावर मशीन झिपकोड (तिकडचा पिनकोड) मागते, आपले कार्ड तिथे बहुधा नाकारले जाते. आत काउंटरवर पंपाचा नंबर सांगून आधी पैसे भरा. टाकी शहरातच भरा.

चोपडेकर:
खूप आभार. आईला कितपत चालावे लागेल? आणि संडासचे काय करायचे? फोटो कुठून चांगले येतात?

तापीकाठ:
चालणे थोडे आणि सपाट, पण जमीन खडी-मातीची आहे. काठी आणि बंद बूट असू द्या, चपला नकोत. थकल्या तर गाडीजवळूनही छान दिसते, मनोरे ९ ते १० मीटर उंच आहेत.

हॉटेलातूनच आटोपून निघा. अडलेच तर तसेच दक्षिणेला जीन या वस्तीपर्यंत जा, साधारण ५ मैल. तिथे महामार्गालगत पेट्रोल पंप आहे, संडास आहे.

फोटोचे गणित सोपे आहे. पार्किंग मनोऱ्यांच्या पश्चिमेला. सकाळी तिथून फोटो काढला तर ऊन समोरून येते आणि फ्लोरोसंट रंग काळपट दिसतात. मनोऱ्यांना वळसा घालून पूर्वेला उभे राहा आणि सूर्य पाठीशी घ्या. दगडांवर मुलाला चढवू नका, रंग खरवडतो, आणि घसरले तर दुखापत. ड्रोन घरीच ठेवा.

साक्रीकर:
दोन गोष्टी राहिल्या. खडखड्या सापाचे (विषारी रॅटलस्नेक) इशारे लावलेले असतात. मुलाचा हात धरा आणि झुडपांत, दगडांच्या कपारीत हात घालू देऊ नका. दुसरे म्हणजे उगो रोंडिनोने या स्विस कलाकाराचे हे काम मे २०१६ मध्ये दोन वर्षांसाठीच उभारले होते, मग मुदत वाढत गेली. नेवाडा म्युझियम ऑफ आर्टच्या संकेतस्थळावर निघायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या. कधी रंगकाम सुरू असते.

डब्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. विमानातून ताजी फळे नेऊ नका, ती विमानतळावर काढून घेतात. बाकी खाण्याचे सगळे कस्टम्सला आपणहून सांगा, लपवले तर दंड होतो.