‘सपोर्टवरचा पेशंट’: औषधानं जीव वाचतो की नुसतं बिल वाढतं?

कृष्णाकाठ
काल गावच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती: ‘अटॅकनंतर शॉकमध्ये (हृदय रक्त ढकलायला कमी पडून बीपी कोसळणं) गेलेल्याला बीपीची औषधं लावणं म्हणजे बिल वाढवणं. यांनी जीव वाचतो असा पुरावाच नाही. नातेवाइकांनी सरळ नकार द्यावा.’ शेवटचं वाक्य वाचून डोकं फिरलं. मिरजेत आयसीयूत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

हृदयाचा जोर वाढवणारी दोन औषधं, डोब्युटामिन बरं की मिल्रिनोन, हे कॅनडात १९२ पेशंटांवर तपासलं. २०२१ मध्ये निकाल आला, फरक दिसला नाही. पण तिथं दोन्ही बाजूंना औषधच होतं. त्यावरून ‘औषध नको’ असं कसं निघतं? हातपाय गार, लघवीची पिशवी रिकामी, वरचं बीपी ६०. बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड लावलं नाही तर हा माणूस कॅथलॅबच्या (जिथं अँजिओप्लास्टी होते) टेबलापर्यंत पोचणारच नाही. जीव वाचतो तो हृदयाची बंद नळी उघडल्यावर. १९९९ च्या ‘शॉक’ ट्रायलमध्ये ३०२ पेशंट होते. महिन्याभरात ठोस फरक नव्हता, पण नळी लवकर उघडलेल्यांत सहा महिन्यांनी मृत्यू ६३ टक्क्यांवरून ५० वर आले. टँकरनं गाव जगतं, म्हैसाळ योजनेचं पाणी येईपर्यंत. म्हणून टँकर बंद करा म्हणायचं का?

जतकर
टँकर लावून म्हैसाळची वाट बघायची तयारीच नसंल तर? आमच्या वडिलांना तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस ‘सपोर्टवर’ ठेवलं. रोज विचारलं की एकच उत्तर, ‘बीपी स्थिर होऊ दे, मग हलवू.’ ते काय स्थिर झालं नाही. मिरजेला आणलं तवा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ती पोस्ट मीच पुढं पाठवली होती आणि पाठवताना हात थरथरला नाही.

आयसीयू_सिस्टर
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण राग औषधावर काढू नका. स्थिर होण्याची वाट बघत बसणं हीच चूक. शॉक आहे म्हणूनच लवकर न्यायचं असतं.
आणि अँब्युलन्सचं कुणीच बोलत नाही. लांबून येणारा पेशंट उतरवताना बघते, सिरिंज पंपाची (थेंबथेंब औषध सोडणारं यंत्र) बॅटरी वाटेतच संपलेली, ५० सीसीची सिरिंज तशीच भरलेली. नातेवाईक सांगतात, ‘टूं टूं वाजत होतं, मग थांबलं.’ नॉरअ‍ॅड बंद झालं की मिनिटा-दोन मिनिटांत त्याचा असर उतरतो. बीपी कोसळायला तेवढं पुरतं.

खेड्यातला_डॉक्टर
सगळं खापर आमच्यावर! रात्री दोनला मोठ्या दवाखान्यांना फोन लावून बघा. बेड नाही, सरकारी योजनेचं प्री-ऑथ (आधीची मंजुरी) सकाळी, आधी डिपॉझिट. वाटेत पेशंट गेला की नातेवाईक काचा फोडायला आमच्याकडेच येतात. पंपवाली गाडी मी कुठून आणू?

जतकर
काचा आम्ही फोडल्या नाहीत. खाटेशेजारी गप बसून बिल भरलं. तुमची अडचण होती तर पहिल्या रात्रीच सांगायचं की ‘माझ्याकडं कॅथलॅब नाही, न्या.’ एवढं एक वाक्य. त्याला पंप लागतो?

खेड्यातला_डॉक्टर
ते वाक्य सांगायलाच हवं होतं, हे मान्य. तुमच्या वडिलांवर उपचार मी केले नाहीत, तरीही मान्य. पण सांगितल्यावर ‘डॉक्टर हात झटकतोय’ म्हणणारेही मी बघितलेत.

विश्रामबाग
गाडीवरून इकडं येऊ. लहान दवाखान्यांत बीपीसाठी अजून डोपामिन हे जुनं औषधच का? २०१० मध्ये १६७९ पेशंटांवर तपासलं. डोपामिनवर हृदयाचे ठोके बिघडणारे २४ टक्के, नॉरअ‍ॅडवर १२. हृदयाच्या शॉकवाल्यांत मृत्यूही जास्त.

खेड्यातला_डॉक्टर
तो २८० जणांचा उपगट होता. एकूण मृत्यूंत ठोस फरक नव्हता. अर्धंच सांगू नका.

विश्रामबाग
उपगट होता, बरोबर. ठोक्यांचा फरक मात्र उपगटातला नाही, आणि आधीच थकलेल्या हृदयाला तोच नडतो. हृदयाला आधार द्यायला महाधमनीत बसवायच्या बलून पंपाचंही तेच. २०१२ मध्ये ६०० पेशंटांत ३० दिवसांचे मृत्यू बलून लावलेल्यांत ३९.७ आणि न लावलेल्यांत ४१.३ टक्के, म्हणजे फायदा नाही. तरी बिलात तो दिसतोच. २०२४ मध्ये हृदयात बसवायच्या छोट्या पंपानं सहा महिन्यांचे मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आणले, पण रक्तस्राव आणि डायलिसिस वाढलं. ते निवडक पेशंट होते, आणि त्याची किंमत आटपाडीच्या शेतकऱ्यानं कशी भरायची?

कृष्णाकाठ
हृदयातल्या पंपाचं राहू दे. रात्री दोनला त्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसानं काय विचारायचं, ते सांगा.

आयसीयू_सिस्टर
अँजिओप्लास्टी कुठं आणि किती वाजता? गाडीत सिरिंज पंप आहे का, बॅटरी किती तास? सोबत नर्स की नुसता ड्रायव्हर? पुढच्या दवाखान्याला फोन झाला का, आणि नाव कुणाचं?

जतकर
हे चार प्रश्न ग्रुपवर टाकतो. ‘नकार द्या’ वाली पोस्ट काढून टाकली. पण त्या दोन दिवसांबद्दल कुणाला माफ केलं असं समजू नका.