जीवमानसशास्त्र आणि प्राणिवर्तनात पीएचडी: शहरातील विद्यापीठ निवडावे का?

प्रश्न

नमस्कार. मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण मी नुकतेच पूर्ण केले आहे. प्राण्यांच्या वर्तनामागे मेंदूचा आणि संप्रेरकांचा वाटा किती, या विषयावर पीएचडी करण्याचा माझा विचार आहे. एका मोठ्या शहरातील विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात हा विषय घेता येतो. परंतु पदवीला प्राणिशास्त्र नव्हते, आणि रानावनापासून इतक्या दूर राहून प्राण्यांचा अभ्यास करणे म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणे ठरेल की काय, अशी शंका मनातून जात नाही. अर्ज करण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद १

हा विषय पहिल्यापासून दोन घरचा पाहुणा आहे, मात्र म्हणीतल्यासारखा तो उपाशी राहिलेला नाही. एका बाजूला लोरेन्झ, टिनबर्गन आणि फॉन फ्रिश या प्राणिवर्तन-अभ्यासकांची निसर्गातील निरीक्षणांची परंपरा, जिला 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेत वाढलेले तुलनात्मक मानसशास्त्र, म्हणजे निरनिराळ्या प्राण्यांच्या वर्तनाची तुलना करणारी मानसशास्त्राची शाखा. 1953 साली लोरेन्झ यांच्या सहजप्रवृत्तीच्या सिद्धान्तावर सडेतोड टीका करणारे डॅनियल लेहर्मन मानसशास्त्रज्ञच होते. त्यामुळे प्राणिशास्त्र नसल्याचे फारसे मनावर घेऊ नये. शरीरक्रियाशास्त्राची तयारी पहिल्या वर्षात करता येते.

शहराविषयीच्या शंकेलाही लेहर्मन यांचेच होला या कबुतरासारख्या पक्ष्यावरील प्रयोग उत्तर देतात. त्यांनी अमेरिकेतील न्यूअर्क या शहरातील विद्यापीठात काम उभे केले. काचेपलीकडे प्रणयाराधन करणारा नर केवळ दिसत राहिला, तरी मादीची प्रजननसंस्था कार्यरत होते, असे या प्रयोगांतून पुढे आले. म्हणजे संप्रेरके वर्तन घडवतात हे अर्धेच सत्य झाले. दुसऱ्याचे वर्तनही आपली संप्रेरके घडवते. रानात हे इतके नेमकेपणाने वेगळे काढणे फार कठीण गेले असते. शिवाय शहर स्वतःही एक अधिवास आहे. नेदरलँड्समधील लायडन शहरातील ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यांचे नर गोंगाटाच्या जागी गाण्यातले खालचे स्वर वर चढवतात, हे 2003 साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण रस्त्यांच्या कडेलाच नोंदवलेले आहे.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, पण रोजचे काम कसे असते तेही प्रश्नकर्त्यांना कळावे. माझ्या पीएचडीचा मोठा भाग पक्ष्यांसमोर कमी आणि पडद्यासमोर जास्त गेला. दहा मिनिटांच्या चित्रणातील झेब्रा फिंचच्या एका जोडीची प्रत्येक हालचाल नोंदवायला सुरुवातीला तास-दीड तास सहज लागत असे. मी वर्तनसूचीत, म्हणजे नोंदवायच्या वर्तनांच्या यादीत, ‘आक्रमण’ असा एकच शब्द लिहून ठेवला होता. तेच चित्रण सहकाऱ्याने स्वतंत्रपणे नोंदवले, तेव्हा आमच्या नोंदी जुळेनात. दांडीवरून शेजाऱ्याला नुसते सरकवणे त्याच्या लेखी आक्रमण होते, माझ्या लेखी नव्हते. शेवटी ‘चोच दुसऱ्या पक्ष्याच्या अंगाला लागली तरच टोचणे’ अशी व्याख्या केली आणि तीन आठवड्यांच्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून केल्या.

संख्याशास्त्र आधी शिकून घ्या. एका पिंजऱ्यातील दहा पक्षी एकमेकांचे पाहून वागत असतील, तर ते दहा स्वतंत्र नमुने होत नाहीत. हर्लबर्ट यांनी 1984 साली दाखवून दिलेली ही चूक प्रबंधांत आजही सर्रास सापडते.

प्रतिसाद ३

विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक निवडा. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नैतिक समितीची मान्यता लागते, आणि ती येईपर्यंत महिने जाऊ शकतात. प्रयोगशाळेकडे तुमच्या प्राण्यासाठी मान्यता आधीच आहे का, सुट्टीच्या दिवशी त्यांना दाणापाणी कोण देते, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना पदवी मिळायला किती वर्षे लागली, हे प्राध्यापकांना नव्हे तर तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. तेच खरे सांगतात.

पहिल्या प्रतिसादाशी माझा थोडा मतभेद आहे. पिंजऱ्यात दिसलेले वर्तन बाहेरही तसेच दिसेल हे गृहीत धरता येत नाही, म्हणून शहरातील उद्यानात का होईना, एक ऋतू मोकळ्या प्राण्यांची निरीक्षणे करायला मुभा देणारा मार्गदर्शक मिळाला तर उत्तम.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. एकच विचारतो: अर्जात प्राणी आधी ठरवून लिहावा, की प्रश्न?

प्रतिसाद १

प्रश्न. ‘मला पक्ष्यांच्या गाण्यावर काम करायचे आहे’ एवढ्याने निवड समितीला काहीच कळत नाही. टिनबर्गन यांनी 1963 साली वर्तनाविषयीचे प्रश्न चार प्रकारांत मांडले: ते तत्काळ कशामुळे घडते, आयुष्यात कसे विकसित होते, जगण्यासाठी कशाला उपयोगी पडते, आणि उत्क्रांतीत कसे आले. तुमचा कल पहिल्या दोहोंकडे दिसतो. गाणे कसे शिकले जाते हा प्रश्न असेल, तर झेब्रा फिंच आपोआपच समोर येतो, कारण त्याचा नर लहानपणी प्रौढ नराचे ऐकून गाणे शिकतो, मादी गात नाही, आणि गाण्याशी निगडित मेंदूकेंद्रे नरात ठळकपणे मोठी असतात. मात्र त्या प्रयोगशाळेत फिंच नसून उंदीर असतील, तर प्रश्न उंदरांना शोभेल असा बदलावा लागेल किंवा प्रयोगशाळा बदलावी लागेल, आणि हे अर्ज करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.