मदत हवी आहे: नवीन बॅटरी घातली तरी चार्जिंग होईना, डायनामो उतरवण्याआधी काय तपासू?

गाडी 2009 ची डिझेल. आमच्या बेळगावात अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) सगळे डायनामोच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितोय.

गेल्या शनिवारी रात्री गोव्याहून चोर्ला घाट चढून येत होतो. पावसाचं सांगायला नको. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू. कणकुंबीच्या अलीकडेच हेडलाइट पिवळे पडले, वायपर दमल्यासारखे फिरू लागले. बॅटरीचा लाल दिवा धड लागत नव्हता, धड विझत नव्हता, नुसता मिणमिणत होता. जांबोटीला चहासाठी गाडी बंद केली, तिथंच चुकलो. सेल्फ मारला तर नुसतं खट्. चार पोरांनी धक्का दिला म्हणून घर गाठलं.

एकानं बॅटरी गेली म्हणून नवीन घालायला लावली. चौथ्या दिवशी परत तेच. दुसऱ्यानं इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपसलं, गाडी बंद पडली नाही तर म्हणतो डायनामो ओके! तिसरा म्हणतो डायनामोच बदला.

शेवटी मीटर घेऊन स्वतःच बसलो. सकाळी, गाडी बंद असताना बॅटरीवर 12.1 व्होल्ट. इंजिन चालू, बाकी सगळं बंद, तेव्हा 13.6. हेडलाइट आणि ब्लोअर लावले की 12.8, आणि रेस केलं तरी काटा हलत नाही. पट्टा नवीन आहे, घसरत नाही. गाडी बंद असताना 30 मिलीअँपियर जातात, म्हणजे कुठं लीक नाही. डायनामोतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) गेले असतील का? की डायोड (एसी करंटचा डीसी करणारे)?

खानापूरकर: आधी एक सांगतो, चालू गाडीचं टर्मिनल परत कुणाला काढू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नाहीतर डायोड जातो.

आता मुद्दा. तुम्ही मोजलंत फक्त बॅटरीवर. इंजिन चालू, हेडलाइट-ब्लोअर चालू ठेवून मीटरची एक पिन डायनामोच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर लावा, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. 0.2-0.3 व्होल्टच्या वर दिसलं तर करंट वाटेतच अडतोय. मग डायनामोची बॉडी ते बॅटरीचा मायनस, तसंच. दिवा मिणमिणतोय म्हणून मला प्लसच्या बाजूचाच संशय आहे. त्या दिव्याच्या एका टोकाला डायनामोचं व्होल्टेज असतं, दुसऱ्या टोकाला बॅटरीचं. दोन्हीत फरक पडला की तो थोडा पेटतो. डायोड गेला तरी असंच दिसतं, म्हणून मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर डायोड. मीटरच्या वायरी तेवढ्या पट्ट्यापासून लांब धरा.

धागाकर्ता: बघितलं. मायनस 0.05, एसी जवळपास शून्य. आणि प्लसच्या बाजूला 1.4! बॅटरीजवळच्या मोठ्या फ्यूजच्या डबीत बोल्ट सैल होता, खालचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालंय. घासून, आवळून बघितलं, सगळं चालू असताना बॅटरीवर 14.1. डायनामो बिचारा निर्दोष होता की ओ. नवीन बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच.

पण ही वितळलेली डबी अशीच चालवू का? सोमवारी परत गोव्याला जायचंय.

खानापूरकर: नको. एकदा तापलेला जोड परत सैल होतो. डबी आणि वायरीचा लग (टोकाची बोल्टची कडी) दोन्ही नवीन घाला, फ्यूज तेवढ्याच अँपियरचा. तोवर रात्रीचा घाट नको.